मिरजेचे डॉक्टर वानलेस

वारणेच्या खोऱ्यातील आमच्या वाचकांस वारणानगर हे नाव आज साखर कारखान्यामुळे परिचयाचे आहे. परंतु हे नगर ज्या कोडोली गावाच्या शिवारात वसले, त्या कोडोलीत कारखाना येण्यापूर्वी पुष्कळ वर्षांपासून ख्रिस्ती मंडळी होती व अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे ठाणेही होते. त्या काळी ह्या टापूत कोणी बरा न होण्यासारखा आजारी पडला, म्हणजे घरच्यांपुढे शेवटची वाट एकच असे, ती मिरजेची. गाडीत कडबा पसरून, त्यावर घोंगडी घालून आजाऱ्यास निजवावे, पारगाव-वाठारावरून पेठ वडगाव गाठावे, पुढे हातकणंगल्यास जाऊन कोल्हापूरची आगगाडी धरावी, आणि मिरजेस उतरून वानलेस साहेबांच्या इस्पितळाची वाट विचारावी. ती वाट कोणीही दाखवीत असे. ज्या गृहस्थाच्या नावाने ही वाट पडली त्यांचे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली मे महिन्याच्या पहिल्या तारखेस कॅनडा देशातील ओंटारियो प्रांतात चार्लस्टन ह्या लहानशा गावी झाला. न्यूयॉर्क शहरी वैद्यकीचा अभ्यास पुरा करून ते १८८९ साली परीक्षा उतरले, आणि त्याच वर्षी प्रेसबिटेरियन मंडळीच्या परदेशी मिशन बोर्डाने त्यांस हिंदुस्थानात पाठविले. वय अवघे चोवीस वर्षांचे. बरोबर त्यांच्या पत्नी मेरीबाई होत्या.

ते ज्या मिशनात आले ते नवे नव्हते. १८५२ साली वाइल्डर साहेब कोल्हापुरास येऊन राहिले होते, व १८७० साली त्यांचे काम प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले. शाळा होत्या, उपदेश होता, लहान लहान मंडळ्या बनत होत्या. वैद्यकीचे काम मात्र पुष्कळ थोडे होते. कोल्हापुरास दरबारचे आल्बर्ट एडवर्ड इस्पितळ होते खरे. त्याच इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक १८८६ साली झाली होती. परंतु क्षयाने त्यांस गाठले, व १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचा अंत झाला. वानलेस ह्या भागात आले ते त्यानंतर दोन वर्षांनी. खेड्यापाड्यांत तर शिकलेला डॉक्टर पाहिलेला मनुष्य शंभरात एखादाच असेल.

पहिला दवाखाना त्यांनी सांगलीस घातला. तेथील लोकांनी ह्या परक्या तरुणावर एकदम विश्वास टाकला नाही, आणि त्यात त्यांस दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. गावकऱ्यांपाशी स्वतःचे उपाय होते. पोटात दुखले तर डागावे, ताप उतरेना तर देवऋषीस विचारावे, पटकी आली तर मरीआईचा गाडा शिवेपलीकडे न्यावा. डोळ्यांस मोतीबिंदू झाला तर वैदू येऊन सुईने तो खाली लोटून देत असे. ह्या शेवटच्या उपायाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण डॉक्टर साहेबांच्या कीर्तीचा पाया येथेच पडला.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या आतील स्वच्छ भिंग गढूळ होणे. वैदू ते भिंग बाहेर काढीत नसे. टोकदार हत्याराने तो ते बुबुळाच्या मागून खाली ढकली. उजेडाची वाट तेवढी मोकळी होई, म्हाताऱ्यास त्याच घटकेस माणसे दिसू लागत, घरात आनंद होई, वैदूस धान्य व लुगडे मिळे, आणि तो पुढच्या गावी जाई. मग थोड्या दिवसांनी डोळा लाल होई, पू धरी, किंवा आतल्या आत दाब वाढून कायमचा जाई. वैदू तोवर दहा कोस दूर गेलेला असे. नव्या शास्त्राप्रमाणे ते भिंगच डोळ्याबाहेर काढावयाचे असते. १८८४ साली व्हिएन्ना शहरी असा शोध लागला की कोकेनचे थेंब घातले असता डोळा बधिर होतो, व रोगी जागा असताही त्यास कापल्याची वेदना होत नाही. वानलेस येथे आले तेव्हा ह्या शोधास पाचच वर्षे झाली होती. हत्यारे उकळून घ्यावीत, हात धुवावेत, जखमेत घाण जाऊ देऊ नये, हे लिस्टर साहेबांचे शिक्षणही त्यांच्या पिढीने ताजे ताजे घेतलेले होते. शस्त्रक्रिया झाल्यावर रोग्यास दोन्ही डोळे बांधून कित्येक दिवस उताणे पडून राहावे लागे. मान हलवू नये, खोकू नये. ज्याने जन्मभर उन्हात काम केले त्यास असे अंधारात निपचित पडणे सोपे नव्हे. अशा वेळी जवळ आपले माणूस असले म्हणजे रोगी धीर धरी. वानलेस साहेबांनी आपल्या आयुष्यात अशा शस्त्रक्रिया हजारोंनी केल्या.

सांगलीहून ते लवकरच मिरजेस आले. मिरज हे स्थळ निवडण्यात मोठी दूरदृष्टी होती असे आमचे मत आहे. पुण्याकडून दक्षिणेस जाणारी आगगाडी येथूनच जाते, आणि कोल्हापूर दरबारने बांधलेला फाटा १८९१ साली मिरजेस येऊन मिळाला. चालता न येणारा गरीब मनुष्य जेथे येऊन पोचू शकेल तेथे इस्पितळ असावे, ही गोष्ट बोलावयास सोपी आहे. पण आजही पुष्कळ ठिकाणी इस्पितळाची जागा निवडताना ती कोणी विचारात घेत नाही. जागा मिरजेच्या थोरल्या पातीचे संस्थानिक श्रीमंत गंगाधरराव बाळासाहेब पटवर्धन यांनी दिली. ते ब्राह्मण राजे, त्यांची प्रजा बहुतेक हिंदू व मुसलमान, गावात मीरासाहेबांचा प्रसिद्ध दर्गा. अशा ठिकाणी परकी धर्माच्या डॉक्टरास जमीन देणारा राजा मोठ्या मनाचा म्हटला पाहिजे. इमारतीचा पैसा अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरचे कॉन्व्हर्स नावाचे आगगाडीची एंजिने बनविणाऱ्या कारखान्याचे मालक यांनी दिला. १८९४ साली इस्पितळ उघडले.

आता आम्ही ज्या भागाकडे येत आहोत तोच ह्या चरित्राचा गाभा आहे. हुशार शस्त्रवैद्य त्या काळीही मुंबईत व पुण्यात होते. मग दूरदूरचे लोक मिरजेसच का येत? आमच्या समजुतीप्रमाणे कारण हे की, दया ही गोष्ट तेथे डॉक्टरच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर सोडलेली नव्हती. ती इस्पितळाच्या रचनेत घातलेली होती.

पहिली गोष्ट पैशाची. मिशनचा डॉक्टर ठरलेल्या निर्वाहाच्या पगारावर राहतो. रोग्याने दिलेली फी त्याच्या खिशात जात नाही, ती इस्पितळाच्या खात्यावर जमा होते. वानलेस यांची कीर्ती वाढली तशी त्यांस संस्थानिक, जहागीरदार, सावकार यांची बोलावणी येऊ लागली. ऐपतीच्या मनुष्याकडून ऐपतीप्रमाणे पैसे घेण्यात त्यांस संकोच वाटत नसे. तोच पैसा गरिबाच्या औषधास, पट्ट्यांस व खाटेस लागे. धर्मार्थ म्हणून सर्वांसच फुकट वाटावे असा आग्रह काही भले लोक धरतात. तसे केले असते तर मिरजेचे इस्पितळ अमेरिकेच्या देणग्यांवर लटकून राहिले असते, आणि देणगी आटली त्या वर्षी पहिला दरवाजा गरिबासाठीच बंद झाला असता. श्रीमंताचे गळू कापून जे रुपये मिळाले त्यांत एखाद्या मजुराचा मूतखडा निघाला, हा हिशेब आम्हांस मोठा आवडतो.

दुसरी गोष्ट नातेवाइकांची. विलायतेच्या इस्पितळात रोग्यास आत घेतात व घरच्यांस भेटीची वेळ सांगून बाहेर काढतात. आमच्या लोकांस हे मानवणारे नव्हते. जो गावाबाहेर कधी निजला नाही त्यास एकट्यास खाटेवर सोडून जाणे म्हणजे त्यास मेल्यात जमा करणे, असे घरच्यांस वाटे. शिवाय कोणाच्या हातचे खावे हा प्रश्न होताच. मिरजेस रोग्याबरोबर त्याची माणसे येऊन राहत, तीन दगडांची चूल मांडीत, आपली भाकरी आपण भाजीत, आणि दोन घास रोग्यास भरवीत. धूर होई, गर्दी होई, स्वच्छता राखणे कठीण जाई, आणि नव्याने येणाऱ्या परदेशी दाईस ते पाहून खचित वाईट वाटत असेल. पण ह्यामुळेच बायका आल्या, म्हातारी माणसे आली, लहान मुले आली. नियम मोडून रोगी आत आणणे व नियम पाळून रोगी घरी मरू देणे, ह्यांतून पहिले पत्करले गेले.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. शस्त्रक्रियेचे टेबल एकच असते. ज्या टेबलावर सकाळी ब्राह्मणाचा डोळा उघडला, त्याच टेबलावर दुपारी महारवाड्यातील किंवा मांगवाड्यातील मनुष्याची गाठ कापली जाई, तेच हात, तीच हत्यारे, तोच क्लोरोफॉर्म. आज हे वाचून कोणास विशेष वाटणार नाही. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती. ज्यांस अस्पृश्य मानीत त्यांची नाडी पाहावयाची तर हातास हात लावावा लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी वैद्य दुरून जीभ पाही व पुडी वरून टाकी.

हे आम्ही तिखटमीठ लावून लिहीत नाही. कोल्हापूरच्या इतिहासातच ह्याची साक्ष आहे. राजर्षी शाहू महाराजांसारखा राजा गादीवर असताही, त्यांच्या दरबारच्या इस्पितळात अस्पृश्य मानलेल्या रोग्यांस नीट वागविले जात नसे. अखेर १९१९ सालच्या जानेवारीत महाराजांस हुकूम काढावा लागला की, सरकारी इस्पितळांतील नोकरांनी ह्या रोग्यांस इतरांप्रमाणेच आपलेपणाने वागवावे, आणि ज्यांस हे मान्य नसेल त्यांनी नोकरीचा राजीनामा द्यावा. महाराजांचा तो हुकूम त्यांच्या कीर्तीस शोभणारा आहे. पण वाचकांनी साल ध्यानात घ्यावे. मिरजेचे इस्पितळ उघडून तोवर पंचवीस वर्षे झाली होती. आगगाडीने दीडदोन तासांच्या अंतरावर जी गोष्ट रोज घडत होती, ती राजधानीत घडावयास राजाचा हुकूम लागला.

ह्या पंचवीस वर्षांत देशावर संकटांमागून संकटे आली. १८९६ साली मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला, व पुढल्या दोनतीन वर्षांत तो दक्षिण महाराष्ट्राच्या गावोगावी पसरला. उंदीर मरून पडले की लोक घरे सोडून रानात झोपड्या घालीत. हाफकिन साहेबांनी १८९७ साली मुंबईत लस तयार केली, पण सुई टोचून घेण्यास लोक भीत, आणि सरकारचे शिपाई घरात शिरून तपासणी करीत त्यामुळे दवाखाना ह्या शब्दाचीच धास्ती बसली होती. त्यातच १८९७ चा व १९०० चा असे दोन दुष्काळ पडले. उपाशी माणसास औषध लागू पडत नाही, हे प्रत्येक डॉक्टर जाणतो. मिशनांनी अनाथ मुले गोळा करून जगविली, आणि आमच्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांचा मूळपुरुष त्या दुष्काळातील एखादे पोरके मूलच होते.

असल्या दिवसांत, १९०० साली, मिरजेस कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू झाला. पुढे तो रिचर्डसन यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

कुष्ठरोगास आपल्याकडे महारोग किंवा रक्तपिती म्हणत. १८७३ साली नॉर्वे देशातील हान्सेन साहेबांनी ह्याचे जंतू शोधून काढले होते, तरी औषध मिळाले नव्हते. कडू कवठीचे तेल देत, ते पिताना ओकारी येई व गुण थोड्यांसच येई. म्हणजे मोतीबिंदूच्या रोग्याजवळ डॉक्टर उभा राहिला तर आठ दिवसांत यश पदरी पडे. ह्या रोग्याजवळ तो उभा राहिला तर यश मुळीच नव्हते. बोटे झडत, पायाच्या तळव्यास भोके पडत, वेदना नसल्यामुळे चुलीतील निखारा हाताने उचलला तरी कळत नसे. घरच्यांनी गोठ्यात ठेवलेले, मग गोठ्यातूनही काढलेले, देवळाच्या पायरीशी नाहीतर बाजाराच्या तोंडाशी बसून भीक मागणारे असे हे लोक. त्यांच्यासाठी काय करता येण्यासारखे होते? छप्पर देता येत होते. जखम रोज धुऊन पट्टी बांधता येत होती. सडलेले हाड काढून टाकता येत होते, म्हणजे दुर्गंधी थांबे व उरलेला पाय वाचे. शेजारी बसून जेवणारे कोणीतरी देता येत होते.

आम्हांस वाटते, डॉक्टर वानलेस यांची पारख करावयाची तर त्यांच्या हजारो शस्त्रक्रिया एका पारड्यात व हा आश्रम दुसऱ्या पारड्यात घालून पाहावे. ज्या शस्त्रवैद्याचे हात इतके यशस्वी होते त्यास असाध्य रोगाकडे पाठ फिरविणे फार सोपे होते. वेळ थोडा आणि रोगी फार, असे म्हणता आले असते, आणि ते खोटेही नव्हते. कुष्ठरोग औषधाने खरोखर हटू लागला तो १९४० नंतर, डॅप्सोनच्या जातीची औषधे आल्यावर. अनेक औषधे एकत्र देण्याची आजची पद्धत तर १९८१ सालापासूनची. तेव्हा १९०० सालापासून पुढची चाळीसएक वर्षे जे कोणी मिरजेच्या त्या आश्रमात पट्ट्या बांधीत राहिले, ते बरे करण्याच्या आशेने बांधीत नव्हते.

क्षयाची गोष्टही अशीच. आमच्या भागात क्षयाचा रोगी म्हणजे घरातील वेगळे भांडे व परसातील वेगळी खाट. १९२० साली मिरज व सांगली यांच्या मधल्या मोकळ्या माळावर वानलेस यांच्या खटपटीने क्षयरोग्यांचे आरोग्यधाम निघाले. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध १९४३ साली सापडावयाचे होते, त्यामुळे येथेही उपाय एवढाच की मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी व चांगले अन्न. ज्याच्या घरी जोंधळ्याची भाकरी दोन वेळ मिळण्याची मारामार, त्यास हे उपाय सोन्याइतकेच महाग असतात. ती जागा पुढे वानलेसवाडी ह्या नावाने प्रसिद्ध झाली, आणि पत्ता सांगताना तेथील लोकांच्या तोंडी हे परदेशी नाव वाडी हा प्रत्यय लागून अगदी देशी होऊन गेले.

आता वैद्यकशाळेविषयी. १८९७ साली, म्हणजे प्लेग व दुष्काळ ह्यांच्या ऐन गर्दीत, वानलेस यांनी मिरजेस देशी ख्रिस्ती तरुणांस वैद्यकी शिकविण्यास आरंभ केला. एका डॉक्टरास दिवसाचे तास वाढविता येत नाहीत, पण हात वाढविता येतात. खेड्यातील मिशनशाळांतून आलेली मुले, ज्यांचे आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबत, ती येथे हाडांची नावे पाठ करू लागली, औषधे तोलू लागली, आणि चार वर्षांपूर्वी ज्यांच्या सावलीसही लोक भीत त्यांच्याच हातची पुडी पाटील व कुलकर्णी मुकाट्याने घेऊ लागले. येथे शिकलेले तरुण निरनिराळ्या मिशनांच्या दवाखान्यांत दूरवर गेले. परिचारिकांचे शिक्षणही मिरजेस सुरू झाले. प्रथम त्या कामास आपल्या मुली पाठविण्यास आईबाप नाखूष असत, कारण परपुरुषाचे अंग पुसण्याचे काम ते हलके समजत. आज ख्रिस्ती घरांतील मुलींनी ह्या कामात जे नाव मिळविले आहे ते पाहता ती नाखुषी कशी विरून गेली हे सांगावयास नको.

एक उणे मात्र आम्ही झाकून ठेवणार नाही. ही वैद्यकशाळा पुरुषांची होती. ज्या प्रांतात बाईचा आजार पुरुष डॉक्टरास दाखविण्यापेक्षा ती मेलेली बरी असे समजणारी घरे होती, त्याच प्रांतात डॉक्टर होण्यास मुलीस लुधियानाची वाट धरावी लागे, नाहीतर १९१८ नंतर वेल्लोरची. लुधियानास मिस ब्राउन यांची व वेल्लोरास डॉ. आयडा स्कडर यांची शाळा स्त्रियांसाठीच होती, त्यामुळे कामाची वाटणी झाली होती असे समर्थन करता येईल. तरीही आनंदीबाईंच्या नेमणुकीचे शहर इतके जवळ असता मिरजेस ती सोय झाली नाही, ही हळहळ राहतेच.

उपदेशक बंधूंस विशेष वाचण्यासारखा एक मुद्दा राहिला. सकाळी औषधासाठी आलेल्या बाहेरच्या रोग्यांपुढे, डॉक्टर येण्याच्या आधी, शास्त्रवाचन व प्रार्थना करण्याची चाल सर्वच मिशन दवाखान्यांत होती. ह्यावर दोन्ही बाजूंनी टीका होत आली आहे. बाहेरचे म्हणत की हे औषधाचे आमिष आहे. आतले काही जण म्हणत की इतके रोगी बरे होऊन जातात, पण बाप्तिस्मा घेणारे किती? मिरजेस येणाऱ्या लक्षावधी रोग्यांपैकी फारच थोड्यांनी धर्म बदलला असेल, आणि ज्यांनी बदलला नाही त्यांच्याही जखमा तशाच धुतल्या गेल्या. आम्हांस हा त्या इस्पितळाचा मान वाटतो. दृष्टांतातील शमरोन्याने वाटेत पडलेल्या मनुष्यास त्याचा धर्म विचारल्याचे लिहिलेले नाही, आणि बरा झाल्यावर तो कोठे गेला हेही लिहिलेले नाही. कळ सोसवत नसलेल्या मनुष्यास लांब प्रवचन ऐकण्यास बसवून ठेवणारे भाऊ काही ठिकाणी असत. त्यांनी पाच मिनिटांत आटोपून उरलेला वेळ एखाद्या म्हातारीस पाणी आणून देण्यात घालविला असता तर अधिक बरे झाले असते.

डॉक्टर साहेबांस सरकारकडून कैसर-इ-हिंद पदक मिळाले होते, व १९२८ साली बादशहांनी त्यांस सर ही पदवी दिली. मिशन अमेरिकन, पण साहेब कॅनडात जन्मलेले, म्हणून ब्रिटिश प्रजाजन. अमेरिकन मिशनच्या डॉक्टरास सर कसे म्हणतात, ह्या कोड्याचे उत्तर एवढेच. त्याच वर्षी, जवळजवळ चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, प्रकृती खालावल्यामुळे त्यांनी मिरज सोडली. इस्पितळाची धुरा त्यांचे सहकारी डॉ. व्हेल यांनी उचलली. तेही मोठे शस्त्रवैद्य होते व वानलेस यांच्या हाताखाली पुष्कळ वर्षे तयार झालेले होते. अमेरिकेत परतल्यावर वानलेस यांनी हिंदुस्थानातील आपल्या कामाची हकीकत लिहिली, ती १९३२ साली पुस्तकरूपाने निघाली. १९३३ सालच्या मार्च महिन्याच्या ३ तारखेस कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे त्यांचा अंत झाला. वय सदुसष्ट वर्षे.

इस्पितळ त्यांच्या नावाने चालत राहिले. १९६२ साली सरकारने मिरजेस वैद्यकीय महाविद्यालय काढले, तेव्हा त्या विद्यार्थ्यांस रोग्यांच्या खाटेशी शिकण्याची सोय ह्याच मिशन इस्पितळात झाली. १८९७ साली मूठभर ख्रिस्ती मुलांसाठी काढलेल्या शाळेच्या गावी अशा रीतीने सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींस डॉक्टर होण्याचे दार उघडले.

मेरीबाईंविषयी आम्हांस फार थोडे लिहिता आले, ह्याचे वाईट वाटते. डॉक्टरांच्या चरित्रात डॉक्टरांची बायको नेहमीच दोन ओळींत आटोपते. १८८९ साली बोटीतून उतरून त्या सांगलीस आल्या, पहिल्या दवाखान्याचे अविश्वासाचे दिवस त्यांनी पतीबरोबर काढले, आणि मिरजेचे काम वाढत असतानाच त्या वारल्या. डॉक्टर वानलेस यांनी पुढे दुसरा विवाह केला. पण कोल्हापुरास मिशनचे जे इस्पितळ उभे राहिले त्यास नाव देण्यात आले ते मेरीबाईंचे. वारणेकाठच्या ज्या बायकांस मिरजेपर्यंत जाणे झेपत नसे त्या बाळंतपणास तेथे जात, आणि मेरी वानलेस हे शब्द आपल्या परीने मोडून तोडून, पण न विसरता, घरी येऊन सांगत.